जखम चिघळते तेव्हा : ‘मांसभक्षक’ जंतुसंसर्गाची ओळख



‘मांस खाणारा जीवाणू’ अशा मथळ्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. ती वाचून अंगावर काटा येतो आणि दोन दिवसांनी आपण ती विसरूनही जातो. हा आजार दुर्मीळ आहे, म्हणून रोज घाबरून राहण्याचे कारण नाही. पण तो झालाच तर काही तासांत मोठे निर्णय घ्यावे लागतात, आणि संमतिपत्रावर सही करायची वेळ बहुधा रात्री-अपरात्री घरच्या माणसांवर येते. त्या वेळी डॉक्टर काय सांगत आहेत व घाई का करत आहेत, हे समजावे एवढ्यासाठी आम्ही या अंकातील आरोग्याचे पान या विषयाला दिले आहे. गणिताची आवड असणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांना यात एक चांगले उदाहरणही सापडेल.

आजार नेमका काय आहे?

आपल्या त्वचेखाली चरबीचा थर असतो. त्याच्या खाली, स्नायूंवर, पांढरट रंगाचे एक चिवट पातळ आवरण असते. त्याला ‘फॅशिया’ म्हणतात. चिकन साफ करताना मांसावरून जो पातळ पापुद्रा सुटून येतो, तो पाहिला असेल तर कल्पना येईल. या आवरणाला रक्तपुरवठा कमी असतो. जीवाणू एकदा तेथे पोहोचले की आवरणाच्या कडेने झपाट्याने पसरतात, कारण त्यांना अडवणाऱ्या रक्तातील पेशी तेथे पुरेशा संख्येने येऊ शकत नाहीत.

जीवाणू प्रत्यक्ष मांस ‘खात’ नाहीत. ते विषारी द्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठते, रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो भाग मरतो. मेलेल्या भागात जीवाणू आणखी फोफावतात. विष रक्तात मिसळले की रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे व फुप्फुसे थकतात. या आजाराचे वैद्यकीय नाव ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’. स्नायू, चरबी व त्वचा यांतील अशाच सर्व संसर्गांना मिळून ‘मृदू ऊतींचे कोथकारी संसर्ग’ असे म्हणता येईल.

जुन्या पिढीतील लोक त्वचेवर पसरत जाणाऱ्या लालीला ‘धावरे’ म्हणत. साधे धावरे त्वचेत वरवर पसरते आणि वेळेवर औषध घेतले तर गोळ्यांनी बरे होते. आपण ज्या आजाराबद्दल लिहीत आहोत तो खोलवर धावतो. वरची त्वचा सुरुवातीला जवळजवळ चांगली दिसते, आणि फसगत होते ती इथेच.

नवा आजार नव्हे

हा आजार आजकालचा आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेतील लिखाणात, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, किरकोळ जखमेनंतर मांस गळून पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडील सैन्यात असलेले डॉक्टर जोसेफ जोन्स यांनी १८७१ मध्ये अशा २,६४२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे ४६ टक्के रुग्ण दगावले होते. पॅरिसचे डॉ. फूर्निए यांनी १८८३ मध्ये जननेंद्रियांच्या भागातील अशा कोथाचे वर्णन केले. त्या प्रकाराला आजही त्यांचेच नाव आहे. १९२४ मध्ये फ्रँक मेलेनी या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी पेकिंगमधील रुग्णांचा अभ्यास करून स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूशी आजाराचा संबंध दाखवला. ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’ हे नाव १९५२ मध्ये विल्सन यांनी दिले.

आज प्रतिजैविके आहेत, अतिदक्षता विभाग आहेत. तरीसुद्धा साधारणपणे १०० पैकी २० ते ३० रुग्ण या आजारात दगावतात. औषधे इतकी सुधारूनही हा आकडा पुरेसा खाली का येत नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे ओळख पटायला लागणारा उशीर.

कोणाला होतो?

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात अनेक जातींचे जीवाणू एकत्र काम करतात. हा प्रकार मधुमेही, वयस्कर, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींत जास्त दिसतो. दुसऱ्या प्रकारात ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकस हा एकच जीवाणू असतो. घसादुखीला कारण होणारा हाच तो जीवाणू. हा प्रकार धडधाकट तरुणांना आणि मुलांनाही होऊ शकतो. कधीकधी तर बाहेर जखम दिसतही नाही, फक्त मुका मार लागलेला असतो. याशिवाय समुद्राच्या किंवा साचलेल्या गोड्या पाण्यातील काही जीवाणूही उघड्या जखमेतून शिरून असाच घात करतात.

आपल्या घरांच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, मधुमेही आजी-आजोबांचे पाय. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. अनवाणी प्रदक्षिणा घालताना काटा रुतला किंवा उन्हात तापलेल्या फरशीने फोड आला तरी कळत नाही. दुसरी, मुलांच्या कांजिण्या. फोड खाजवून त्यांतून स्ट्रेप्टोकोकस शिरू शकतो. कांजिण्यांचा ताप उतरू लागल्यावर पुन्हा चढला आणि एखाद्या हाताला वा पायाला खूप दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कांजिण्यांत आयब्युप्रोफेन हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. तिसरी, मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या). त्या घेणाऱ्या थोड्या रुग्णांत फूर्निएचा कोथ आढळल्याने अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना दिली. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मात्र जांघेत किंवा गुप्तांगाजवळ दुखणे, सूज व ताप असेल तर संकोच न करता लगेच सांगावे.

ओळखावे कसे?

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे जखमेच्या मानाने फारच जास्त वेदना. वर थोडीशी लाली आहे, पण रुग्ण कळवळतो आहे, साधा स्पर्श सहन होत नाही, अशी स्थिती असेल तर ती कधीही दुर्लक्षित करू नये. सूज लालीच्या सीमेपलीकडे गेलेली असते. हात लावल्यास भाग लाकडासारखा कडक लागतो. पुढे त्वचा जांभळट किंवा करडी होते, रक्ताळलेले फोड येतात, दाबल्यावर कधी पापड चुरल्यासारखे जाणवते. मग दुखणे अचानक थांबते. नातेवाइकांना बरे वाटते, पण तेथील मज्जातंतू मेलेले असल्यामुळे ते थांबलेले असते.

ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नये. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या विश्लेषणात निम्म्याहून कमी, सुमारे ४६ टक्के रुग्णांनाच ताप असल्याचे दिसले. रक्ताळलेले फोड तर सुमारे २५ टक्क्यांतच होते. म्हणजे पुस्तकातल्या सगळ्या खुणा दिसेपर्यंत थांबणे म्हणजे बहुतेक रुग्णांना हातचे गमावणे होय.

गुणांचे गणित

डॉक्टरांना निदानासाठी मदत व्हावी म्हणून सिंगापूरमधील डॉक्टरांनी २००४ मध्ये रक्ताच्या सहा साध्या तपासण्यांवरून गुण देण्याची पद्धत मांडली. तिला ‘लरिनेक’ गुणांक म्हणतात. तो असा :

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन दर लिटरला १५० मिलिग्रॅम किंवा जास्त : ४ गुण
पांढऱ्या पेशी १५,००० ते २५,००० : १ गुण, त्याहून जास्त : २ गुण
हिमोग्लोबिन ११ ते १३.५ : १ गुण, ११ पेक्षा कमी : २ गुण
सोडियम १३५ पेक्षा कमी : २ गुण
क्रिएटिनिन १.६ पेक्षा जास्त : २ गुण
रक्तातील साखर १८० पेक्षा जास्त : १ गुण

एकूण गुण १३. सहा किंवा अधिक गुण आले तर संशय घ्यावा, आठ किंवा अधिक आले तर संशय बळावतो.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. रुग्णाचे प्रोटीन १८०, पांढऱ्या पेशी १८,०००, हिमोग्लोबिन १२, सोडियम १३२, क्रिएटिनिन १.२ आणि साखर २४० आहे. गुण होतात ४ + १ + १ + २ + ० + १ = ९. म्हणजे धोक्याची घंटा.

पण समजा गुण चारच आले, तर आजार नाही असे म्हणता येईल का? वर सांगितलेल्या २०१९ च्या विश्लेषणात हेही तपासले गेले. प्रत्यक्ष आजार असलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ६८ जणांचेच गुण सहा किंवा जास्त भरले. उरलेले ३२ या चाळणीतून निसटले. आठ गुणांची अट लावली तर ४१ च सापडतात. उलट, आजार नसलेल्या १०० जणांपैकी सुमारे १५ जणांना सहा गुणांच्या अटीमुळे विनाकारण संशयात धरले जाते. चाळणीची भोके मोठी ठेवा वा लहान, काहीतरी चुकतेच. सीटी स्कॅन यापेक्षा बराच भरवशाचा आहे, पण त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवणे योग्य नाही.

मग खात्री होते कशी? भूल देऊन त्वचेवर छोटा छेद घेऊन शल्यचिकित्सक आत पाहतात. निरोगी आवरण स्नायूला घट्ट चिकटलेले असते. आजारात ते बोटाने सहज सुटत जाते, रक्त येत नाही, आणि भांडी विसळलेल्या पाण्यासारखा करडा पातळ स्राव निघतो. सहा तपासण्यांचे गुण काहीही असोत, शेवटचा शब्द या छोट्या छेदाचा असतो.

रुग्ण वाचेल का?

हा प्रश्न प्रत्येक घरातून विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीही गुणपद्धती आहेत. ‘लरिनेक’ निदानासाठी आहे, या वेगळ्या. फूर्निएच्या कोथासाठी १९९५ मध्ये नऊ मोजमापांवर आधारित निर्देशांक तयार झाला. सर्वसाधारण कोथकारी संसर्गासाठी अमेरिकेतील डॉक्टरांनी साडेतीनशे रुग्णांच्या नोंदी अभ्यासून २००९ मध्ये दुसरा गुणांक प्रसिद्ध केला. त्यात दाखल होतानाच्या सहा गोष्टी पाहतात : वय ५० च्या वर आहे का, नाडी मिनिटाला ११० हून जलद आहे का, शरीराचे तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली आहे का, पांढऱ्या पेशी ४०,००० हून जास्त आहेत का, क्रिएटिनिन १.५ हून जास्त आहे का, आणि रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण (हिमॅटोक्रिट) ५० टक्क्यांहून जास्त आहे का. हिमॅटोक्रिट वाढते याचा अर्थ रक्तातले पाणी बाहेर झिरपून रक्त दाट झाले आहे.

या अभ्यासात दोन किंवा कमी गुण असलेल्या गटात सुमारे ६ टक्के, तीन ते पाच गुणांच्या गटात २४ टक्के आणि सहा किंवा अधिक गुणांच्या गटात ८८ टक्के रुग्ण दगावले.

हे आकडे ऐकून घरच्यांचे पाय लटपटतात. म्हणून दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, टक्केवारी गटाची असते, एका माणसाची नव्हे. २४ टक्के म्हणजे तशा १०० रुग्णांपैकी ७६ घरी गेले. आपला माणूस त्या ७६ मध्ये आहे की २४ मध्ये, हे कोणताही गुणांक सांगू शकत नाही. ८८ टक्क्यांच्या गटातही १२ जण वाचलेच. दुसरी, हे आकडे ठरावीक रुग्णालयांतील, ठरावीक वर्षांतील रुग्णांवरून काढलेले आहेत. वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या उपचारांत ते तसेच राहतील असे नाही.

मग उपयोग काय? कोणाला तातडीने अतिदक्षता विभागात हलवायचे, कोणाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, घरच्यांना परिस्थिती किती गंभीर आहे हे प्रामाणिकपणे कसे सांगायचे, यासाठी हे गुण उपयोगी पडतात. ‘गुण जास्त आहेत, आता उपचार कशाला’ असा निष्कर्ष त्यांतून काढणे हा त्यांचा गैरवापर आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. या सहा बाबींत वय आहे, नाडी आहे, रक्त आहे, पण लक्षणे सुरू झाल्यापासून गेलेला वेळ नाही. वय कोणाला बदलता येत नाही. रुग्ण केव्हा रुग्णालयात पोहोचतो, हे मात्र बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात असते. १९९५ मधील एका अमेरिकन अभ्यासात वाचलेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया दाखल झाल्यापासून सरासरी २५ तासांत झाली होती, तर दगावलेल्यांची सरासरी ९० तासांनी. २०२० मधील एका एकत्रित विश्लेषणात सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १९ टक्के, तर त्यानंतर झालेल्यांत ३२ टक्के आढळले. या दोन आकड्यांतला फरक १३. म्हणजे १०० रुग्णांमागे १३ माणसे, १३ घरे.

उपचार कसे होतात?

उपचारांचा कणा शस्त्रक्रिया हाच आहे. मेलेला सर्व भाग, निरोगी व रक्त येणारा भाग दिसेपर्यंत, काढून टाकावा लागतो. ‘आधी औषधाने बघू, नाहीच जमले तर कापू’ हा विचार येथे चालत नाही. प्रतिजैविक रक्तातून प्रवास करते, आणि ज्या रक्तवाहिन्यांतून ते जायचे त्याच गोठलेल्या असतात. रस्ता बंद असलेल्या गावात औषध पोहोचणार कसे?

त्याच वेळी शिरेतून जोरकस प्रतिजैविके सुरू करतात. कोणता जीवाणू आहे हे कळेपर्यंत अनेक प्रकारच्या जीवाणूंवर चालणारी औषधे एकत्र दिली जातात. त्यांत क्लिंडामायसिन हे औषध बहुधा असते. पेनिसिलिन वाढत्या जीवाणूंवर चांगले काम करते, पण खूप दाटीने साठून वाढ मंदावलेल्या जीवाणूंवर त्याचा प्रभाव कमी पडतो. हॅरी ईगल यांनी १९५२ मध्येच उंदरांवरील प्रयोगांत हे दाखवले होते. क्लिंडामायसिन जीवाणूंचे प्रथिने तयार करण्याचे काम रोखते, त्यामुळे विष बनणेच थांबते. सोबत सलाईन, रक्तदाब टिकवणारी औषधे, साखरेवर नियंत्रण, गरज पडल्यास कृत्रिम श्वास व डायलिसिस हे सर्व चालू असते.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण २४ तासांत पुन्हा आत पाहावे लागते आणि उरलेला मेलेला भाग काढावा लागतो. हे तीन-चार वेळाही करावे लागू शकते. घरच्यांना वाटते की पहिल्या वेळी काही चुकले. तसे नसते. ही उपचाराची ठरलेलीच रीत आहे. हात वा पाय काढण्याची वेळ प्रत्येकावर येत नाही, पण जीव वाचवण्यासाठी ती आली आणि डॉक्टरांनी सांगितले, तर नातेवाइकांची सभा भरवून दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. जखम स्वच्छ झाली की मांडीची पातळ त्वचा घेऊन ती झाकतात. त्यानंतर भरपूर प्रथिनयुक्त आहार आणि कित्येक आठवड्यांचा व्यायामोपचार.

काही पूरक उपचारांची चर्चा होते. रक्तातील प्रतिपिंडांचे महागडे इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन) दिलेल्या रुग्णांना फायदा होतो का, हे डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर तपासले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सहा महिन्यांनंतरच्या शारीरिक क्षमतेत फरक दिसला नाही. उच्च दाबाचा प्राणवायू काही केंद्रांत देतात, पण त्याचा पक्का पुरावा नाही आणि त्यासाठी शस्त्रक्रिया थांबवता येत नाही. पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या कुटुंबांना हे माहीत असलेले बरे.

बरे झाल्यानंतर

कॅनडातील क्वेबेक प्रांताचे नेते ल्युसियां बुशार यांना डिसेंबर १९९४ मध्ये हा आजार झाला. त्यांचा डावा पाय काढावा लागला. १९९६ मध्ये ते त्या प्रांताचे मुख्यमंत्री झाले. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे एरिक कॉर्नेल यांना ऑक्टोबर २००४ मध्ये या आजारात डावा हात खांद्यासकट गमवावा लागला. काही महिन्यांतच ते पुन्हा प्रयोगशाळेत कामाला लागले. त्यांना नोबेल मिळाले ते ‘बोस-आइन्स्टाइन संघनित’ प्रत्यक्ष तयार केल्याबद्दल. त्यातले बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ बोस, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

असा रुग्ण शाळेत किंवा शेजारी परत आला तर त्याच्यापासून दूर राहण्याचे काहीच कारण नाही. हा आजार एकमेकांना सहसा लागत नाही. त्याला गरज असते ती बाकावर जागेची, जिन्याला कठड्याची आणि नेहमीसारख्या वागणुकीची. जिन्याच्या कठड्याचे काम विश्वस्त मंडळाच्या हातात आहे, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

घरी आणि शाळेत एवढे करूया

१. खरचटले, कापले की वाहत्या पाण्याने व साबणाने जखम धुवावी आणि स्वच्छ पट्टी बांधावी. चुना, तंबाखू, शेण, माती यांपैकी काहीही लावू नये.

२. केसतोड किंवा गळू घरी सुईने फोडू नये, गरम वीट वा वाळूने शेकू नये.

३. मधुमेही व्यक्तींचे तळपाय रोज रात्री पाहावेत. आजी-आजोबांना वाकता येत नसेल तर हे काम नातवंडांनी घ्यावे. दोन मिनिटे लागतात.

४. लाली दिसली तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. लाली रेघेबाहेर गेली तर डॉक्टरांना नेमके सांगता येते. मात्र वेदना भयंकर असतील तर रेघ पाहत बसू नये.

५. जखमेच्या मानाने जास्त दुखणे, पसरती सूज, जांभळी त्वचा, गुंगी किंवा बरळणे यांपैकी काही दिसल्यास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ‘सकाळी बघू’ म्हणू नये.

६. तेथे पोहोचल्यावर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : ‘हा खोलवरचा संसर्ग असू शकतो का? शल्यचिकित्सकांनी पाहिले का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

७. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत साबण, निर्जंतुक पट्ट्या आणि हातमोजे आहेत की नाहीत, हे दर महिन्याला तपासावे. ही जबाबदारी आठवी-नववीच्या मुलांना द्यावी, अशी आमची सूचना आहे.

या विषयावर शंका असतील तर त्या कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. आपल्या पालकांपैकी जे डॉक्टर आहेत त्यांच्याकडून उत्तरे घेऊन आम्ही ती पुढील अंकात छापू.